खडशी, मळ्या आणि साहेबाचा गळ

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आपला धाराशिव जिल्हा म्हणजे टँकरचा जिल्हा, आणि आम्ही बोलणार आहोत नदीतल्या माशांवर आणि ते गळाने धरण्याच्या कलेवर! पण बचत गटातल्या आमच्या कित्येक बहिणी मासळी विकतात. सीना, तेरणा, बोरी यांच्या काठी भोई आणि कोळी समाजाची घरे आहेत. मासा हा कुणाचा तरी धंदा आहे आणि कुणाच्या तरी ताटातली भाजी आहे. त्याचाही इतिहास आहे. तो फारसा कुणी सांगत नाही, म्हणून आज आम्ही सांगतो.

सुरुवात दूरच्या मुलखातून करू. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या थंड नद्यांत ट्राउट नावाचा मासा असतो. अंगावर ठिपके, चवीला उत्तम आणि स्वभावाने फार सावध. तो वाहत्या पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून एका जागी उभा राहतो आणि वरून वाहत येणारे किडे टिपतो. पाण्यावर माणसाची सावली पडली की पळाला. काठावर जोरात पाय आपटला तरी त्याच्या अंगाला ते कळते, कारण माशाच्या दोन्ही कुशींवर एक रेघ असते आणि तिच्यातून त्याला पाण्याची थरथर समजते. म्हणून त्याला धरणारा माणूस त्याच्या पाठीमागून, म्हणजे नदीच्या खालच्या अंगाने, हळूहळू येतो. गळाला गांडूळ लावत नाही. पिसे, दोरा आणि केस गुंडाळून खोटी माशी करतो आणि ती पाण्यावर अशी अलगद सोडतो, की माशाला वाटावे खरेच पाखरू पडले. या पद्धतीला 'फ्लाय फिशिंग' म्हणतात. आपण तिला माशीचा गळ म्हणू.

हा खेळ साहेबांचा, पुरुषांचा, असे आपल्याला वाटते. पण इंग्रजीत गळाच्या मासेमारीवर पहिले छापील लेखन आले १४९६ साली आणि ते ज्युलियाना बर्नर्स नावाच्या जोगिणीचे आहे, असे परंपरा सांगते. त्यात बारा प्रकारच्या खोट्या माश्या दिल्या आहेत. स्कॉटलंडच्या टे नदीवर १९२२ साली जॉर्जिना बॅलंटाइन या तरुणीने २९ किलोचा सॅमन मासा गळाने ओढला. ब्रिटनमध्ये गळाने धरलेल्या सॅमनचा तो विक्रम आजही मोडलेला नाही. ती नदीवर नाव वल्हवणाऱ्या माणसाची मुलगी होती. त्याच देशात मेगन बॉइड नावाची बाई आयुष्यभर सुंदर माश्या बांधत राहिली. तिच्या माश्यांवर मोठमोठ्यांनी मासे धरले, तिने स्वतः मात्र त्यासाठी कधी गळ टाकला नाही. आपल्याकडे जाळे विणणारी, मासा साफ करणारी, बाजारात बसणारी बाई आणि ती बाई, दोघींत फार अंतर आहे असे आम्हाला वाटत नाही.

इंग्रज हिंदुस्थानात आले तेव्हा हा छंद घेऊन आले. ट्राउट मात्र इथे नव्हता. मग त्यांनी तो आणला. माशाची अंडी बर्फात ठेवून जहाजाने काश्मीरला पाठवली. १८९९ सालचा पहिला प्रयत्न वाया गेला, १९०० साली दुसरा जमला. दक्षिणेत निलगिरीच्या डोंगरात आधी बरेच प्रयत्न फसले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ट्राउट तिथे रुजला. आपल्या दख्खनच्या नद्यांत तो जगलाच नसता. ट्राउटला बारा महिने गार पाणी लागते. वीस अंशांच्या वर गेले की तो कासावीस होतो. आपल्याकडे मे महिन्यात डोहातले पाणी हाताला कोमट लागते. तिथे काश्मीरचा पाहुणा काय करणार?

मग दक्षिणेतल्या साहेबांनी इथलाच एक मासा निवडला. हिंदीत त्याला महाशीर म्हणतात, आपल्याकडे खडशी. मोठे खवले, जाड ओठ, अंगात विलक्षण ताकद. तो किडे खातो, लहान मासे खातो, काठावरच्या झाडाचे पिकले उंबर पाण्यात पडले तर तेही खातो. गळाला लागला की सगळी दोरी ओढत खडकाखाली शिरतो. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या अधिकाऱ्याने १८७३ साली हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर मोठे पुस्तक लिहिले आणि महाशीरची झुंज सॅमनपेक्षाही भारी असते, असे आपल्या देशबांधवांना सांगितले. तेव्हापासून जगभरचे हौशी लोक या माशासाठी इथे येऊ लागले.

इथवर ऐकून वाटेल की सावध मासा गळाने धरण्याची विद्या साहेबाने आपल्याला शिकवली. तसे नाही. त्यासाठी उमरग्याच्या पलीकडे जाऊ. तिथून थोड्या अंतरावर कर्नाटकाच्या हद्दीत बसवकल्याण आहे. जुने नाव कल्याणी. नऊशे वर्षांपूर्वी ही चालुक्य राजांची राजधानी होती आणि आपला हा सगळा मुलूख त्यांच्याच राज्यात होता. त्यांच्यापैकी तिसरा सोमेश्वर हा राजा ११२७ साली गादीवर आला. त्याने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. शंभर अध्याय आहेत. राज्यकारभार, औषधे, स्वयंपाक, हत्ती, दागिने, खेळ, काय नाही त्यात? आणि त्यातच 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. म्हणजे मासे धरण्याची करमणूक. मासे कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, कुणाला काय खायला घालून जवळ आणायचे, काठी कशी, दोरी कशी, गळ कसा, हे सगळे तिथे सांगितले आहे. सुंदरलाल होरा या मासेतज्ज्ञाने १९५१ साली या प्रकरणावर लेख लिहिला, तेव्हा जगातल्या अभ्यासकांचे त्याकडे लक्ष गेले. ज्युलियाना बर्नर्सच्या नावावरचे पुस्तक छापले जाण्याच्या साडेतीनशे वर्षे आधी हे कल्याणीत लिहून झाले होते.

मैत्रिणींनो, याच ग्रंथात आणखी एक गोष्ट आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात, असे राजाने नोंदवून ठेवले आहे. ओवीचा इतका जुना उल्लेख म्हणून मराठीचे अभ्यासक त्याकडे बोट दाखवतात. आम्हाला यात एक साम्य दिसते. ओवी बायांनी गायली आणि ग्रंथात राजाने लिहिली. माशांचे तसेच. राजाला कोणता मासा कशाला भुलतो हे ठाऊक झाले, ते त्याच्या पदरी जाळी टाकणाऱ्या माणसांमुळेच. ग्रंथावर नाव राजाचे आले. ज्ञान नदीकाठचे होते.

सातशे वर्षांनी हेच पुन्हा घडले, फक्त राजाच्या जागी साहेब आला. पेशवाई बुडाल्यावर मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची माहिती गोळा करायला नेमले. १८२४ पासून काही वर्षे तो गावोगाव हिंडला. पिके, लोकसंख्या, पक्षी, प्राणी, सगळ्याची नोंद केली. नद्यांतले मासेही गोळा केले, त्यांची चित्रे काढून घेतली आणि १८३९ साली लंडनमध्ये दख्खनच्या चाळीसहून अधिक माशांची वर्णने प्रसिद्ध केली. त्यातले बहुतेक मासे शास्त्राला नवे होते. नव्या माशाला शास्त्रीय नाव द्यावे लागते. साइक्सने ग्रीक-लॅटिन नावे फार शोधली नाहीत. इथल्या माणसांनी माशाला जे म्हटले, तेच बऱ्याच ठिकाणी इंग्रजी कानाने ऐकले तसे लिहून टाकले.

म्हणून जगातल्या कुठल्याही विद्यापीठात गेलात तरी आपल्या खडशीचे शास्त्रीय नाव 'टोर खुद्री' असेच सापडते. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून ते दिले गेले. शिरूरच्या घोडनदीतल्या एका मोठ्या माशाचे नाव 'मुसुल्ला'. चाकणजवळ इंद्रायणीत एक विचित्र मासा मिळाला, नाकाडावर टेंगूळ आलेला. त्याचे नाव 'नुक्ता'. आपला 'नकटा' शब्द आठवला ना? खडकाला चिकटून राहणारा छोटा मळ्या हा शास्त्रात 'गारा मुल्या' झाला. मिशावाल्या मोठ्या शिंगाळ्याचे 'सींघाला' झाले, लहान शिंगटीचे 'सींगटी' झाले, घोगऱ्याचे 'गोग्रा' झाले, कोळशीचे 'कोलुस' झाले. ही नावे कुणी विद्वानांनी बसवलेली नाहीत. ती नदीवरच्या आणि बाजारातल्या बोलण्यातली आहेत. मुळा-मुठा, इंद्रायणी, घोडनदी यांचे पाणी शेवटी भीमेला जाते आणि आपली सीनाही सोलापूरच्या खाली हत्तरसंग कुडलला भीमेलाच मिळते. त्यामुळे ही नावे पुण्याची तशी आपल्याही पाण्याची आहेत.

आपल्या जिल्ह्यात साहेबाचा गळ फारसा आला नाही, त्याचे कारणही इतिहासात आहे. हा मुलूख निजामाचा. १८५३ साली कर्जापोटी निजामाने नळदुर्गचा भाग इंग्रजांच्या हवाली केला आणि १८६० साली तो परत मिळवला. मधल्या काळात मेडोज टेलर हा अधिकारी नळदुर्गला राहून कारभार पाहत होता. त्याच्या आत्मचरित्रामुळे नळदुर्गचे नाव विलायतेत पोहोचले. पण सात वर्षांत काही इथे मासेमारीचे क्लब निघाले नाहीत. शिवाय बालाघाटाच्या आपल्या नद्या बारमाही वाहणाऱ्या नाहीत. तेरणा आणि मांजरा गोदावरीकडे जातात, सीना आणि बोरी भीमेकडे. उन्हाळ्यात धार तुटते आणि मासा डोहात अडकून पडतो. आपल्याकडे म्हणून मोठ्या झुंजीचे कौतुक कमी. इथे कौतुक मळ्याचे, शिंगटीचे, वामीचे, मरळीचे आणि कालवणापुरत्या चांदीसारख्या बारीक माशांचे. गळ टाकणारी पोरे मात्र इथेही होतीच. ज्वारीच्या धांड्याचा तुकडा तरंगायला लावायचा, कणकेची गोळी किंवा नाकतोडा अडकवायचा आणि सावली पाण्यावर पडणार नाही असे बसायचे. गळाला नाकतोडा लावणे म्हणजे एका अर्थाने माशीचाच गळ. फरक इतकाच, की आपला किडा खरा होता.

आता इतिहासाच्या कडू भागाकडे येऊ. थॉमसचे पुस्तक आले त्याच वर्षी, १८७३ साली, फ्रान्सिस डे या अधिकाऱ्याने हिंदुस्थानातल्या गोड्या पाण्याच्या मासेमारीवर सरकारला अहवाल दिला. मासे कमी होत आहेत, बारीक भोकांच्या जाळ्यांनी पिल्ले मरतात, पाण्यात विष कालवतात, अशा तक्रारी त्यात आहेत. नदीवर घातलेल्या बंधाऱ्यांनी माशांची वाट अडते, हेही त्यात आहे. पावसाच्या पहिल्या पुराबरोबर मासा अंडी घालायला वर चढतो. समोर भिंत आली की तो तिथेच थटतो आणि थटलेला मासा धरायला काही कला लागत नाही. पुढे १८९७ साली कायदा झाला आणि पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष टाकून मासे मारणे गुन्हा ठरले. कायदा योग्यच होता. पण जाळेवाल्याकडे बोट दाखवणे सोपे होते, भिंतीकडे दाखवणे अवघड. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरीवर बांधलेला आदिलशाही बंधारा आणि त्यातला पाणी महाल पाहून आपण थक्क होतो, आणि व्हावेच. निम्न तेरणा आणि सीना कोळेगाव धरणांचे पाणी आपल्या शेताला आणि घराला लागते. धरण नको असे आम्ही म्हणणार नाही, इथली एकही बाई म्हणणार नाही. पण चढणीच्या माशाची वाट त्याने बंद झाली, हेही त्याच हिशेबात लिहावे लागेल.

धरणे झाली तसे त्यांत सोडायला बी लागले. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूजवळच्या ग्रंथीचा अर्क टोचून मासळीला हवे तेव्हा अंडी घालायला लावले. तो दिवस १० जुलै. आजही तो मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. यामुळे गंगेकडचे कटला, रोहू, मृगळ आपल्या तळ्यांत आले. १९५२ साली आफ्रिकेतला तिलापिया देशात आला होताच. आज आपल्या बहिणींच्या पाटीत बहुतेक हेच मासे असतात आणि त्यांच्यावर घरे चालतात. त्यांना नावे ठेवून चालणार नाही. मात्र एक गोष्ट पाहा. तलावाचा ठेका मच्छीमार संस्थेच्या नावे असतो आणि संस्थेच्या सभासद यादीत बायांची नावे शोधावी लागतात. उन्हात पाटी घेऊन बसते ती, भाव करते ती, उधारी वसूल करते ती. कागदावर ती नसते. राजाच्या ग्रंथात आणि साहेबाच्या यादीत जे झाले, ते इथेही चालू आहे.

आणि पाहुणा मासा आणताना काय होऊ शकते, याचा धडा आपल्या खडशीनेच दिला आहे. लोणावळ्याला टाटांच्या वळवण धरणाजवळ १९७० नंतर खडशीची पैदास सुरू झाली. चं. वि. कुलकर्णी आणि ओगले या तज्ज्ञांनी ती विद्या बसवली. खडशीची अंडी ओल्या कापसात गुंडाळून दूरवर पाठवता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. नामशेष व्हायला आलेला मासा वाचवायचा, हा हेतू चांगलाच होता. त्यातली लाखो पिल्ले देशभरच्या पाण्यात गेली, कर्नाटकातल्या कावेरीतही गेली. कावेरीत मात्र तिचा स्वतःचा महाशीर होता, पाठीवर कुबड असलेला, जगातला सर्वांत मोठा. ज्याच्यासाठी साहेब समुद्र ओलांडून येत, तोच. आपली खडशी तिथे माजली आणि कुबडवाला मागे पडत गेला. गंमत आणि दुःख असे, की दीडशे वर्षे त्याची शिकार झाली, पण शास्त्रात त्याचे नाव पक्के झाले २०१८ साली, आणि त्याच वर्षी तो अतिशय धोक्यातल्या जातींच्या यादीत गेला. त्याचे नाव 'टोर रेमादेवी'. के. रेमा देवी या भारतीय मत्स्यशास्त्रज्ञ बाईंच्या सन्मानार्थ ते दिले आहे. एका माशाच्या नावात अखेर बाईचे नाव आले, पण मासा जवळपास संपल्यावर.

म्हणजे घरचा म्हणून जो मासा आपण वाचवला, तोच परक्या पाण्यात जाऊन पाहुण्यासारखा न वागता मालकासारखा वागला. आम्हाला यातून एवढेच समजते, की प्रत्येक मासा त्याच्या पाण्याचा असतो. कोणत्या पाण्यात कोण राहत होते हे ज्यांना माहीत असते, त्यांना विचारल्याशिवाय तिथे नवे काही सोडू नये. आणि ज्यांना माहीत असते ती माणसे साधी असतात. त्यांच्याकडे पदवी नसते.

महाराष्ट्रात मासा राखण्याच्या जुन्या रीतीही आहेत. महाडजवळ वाळण कोंडीच्या डोहात, वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या काठी, देहूला इंद्रायणीच्या घाटावर, देवाचे मासे म्हणून लोक त्यांना धरत नाहीत, उलट खायला घालतात. श्रद्धेने डोह वाचतो हे खरे. पण इंद्रायणीत सांडपाणी आले की देवाचा मासाही मरतो. हात जोडून पाणी साफ होत नाही.

मग आपण काय करायचे? मोठे काही नको. आपल्या गटाच्या बैठकीच्या वहीत एक पान माशांसाठी ठेवा. गावातल्या म्हाताऱ्या आजीला, भोई वस्तीतल्या मावशीला, जाळे टाकणाऱ्या काकांना विचारा: तुमच्या लहानपणी या नदीत कोणकोणते मासे होते? त्यांना काय म्हणत? कोणता मासा कोणत्या महिन्यात यायचा, काय खायचा, कोणत्या डोहात राहायचा? नाव ऐकाल तसेच लिहा, सुधारून लिहू नका. आणि सांगणारीचे नावही त्याच ओळीत लिहा. साइक्सच्या यादीत माशांची नावे राहिली, सांगणाऱ्यांची राहिली नाहीत. आपल्या वहीत दोन्ही राहतील.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. जून-जुलैत चढणीचा मासा गाभोळीसह बाजारात येतो. गाभोळी आपल्याला आवडते, आणि विकणारीला त्या चार आठवड्यांत चार पैसे जास्त मिळतात. तिला नुसते 'विकू नको' म्हणणे हा अन्याय होईल. पण गटाने त्या महिन्यांपुरते तिला बिनव्याजी कर्ज दिले, किंवा आधी वाळवून ठेवलेली मासळी विकायला मदत केली, तर चार-दोन डोह तेवढे दिवस शांत राहू शकतात. तिला सोबत बसवून, तिला विचारून हे ठरवावे लागेल. तिसरी गोष्ट म्हणजे सभासदत्व. आपल्या भागातल्या मच्छीमार संस्थेची यादी एकदा मागून बघा. मासळीचे काम करणारी बाई त्यात नसेल, तर पुढच्या सभेला तिचा अर्ज घेऊन तिच्यासोबत चार जणी जा.

तुमच्या वहीत जी नावे येतील, ती आम्हाला कळवा. पुढच्या महिन्यात या कार्यक्रमात ती आम्ही वाचून दाखवू. माशाचे नाव, नदीचे नाव आणि सांगणारीचे नाव.